थकबाकीच्या अंदाजाचा ताळा जाहीर व्हायला हवा

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ रोजी पतधोरणासोबत एक मोठा बदल जाहीर केला. बातम्यांचा भर रेपो दरावर राहिला आणि या बदलाची चर्चा बँकांच्या कचेऱ्यांबाहेर फारशी झाली नाही. बदल असा: १ एप्रिल २०२७ पासून व्यापारी बँकांनी बुडणाऱ्या कर्जासाठीची तरतूद ‘अपेक्षित पतहानी’ या पद्धतीने करायची. लघु वित्त बँका, पेमेंट बँका आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना यातून वगळले आहे. बाकीच्यांना नवा भार पचवायला ३१ मार्च २०३१ पर्यंतची मुदत आहे.

आजवरची रीत सरळ होती. कर्ज थकले की तरतूद करायची. थकले नसेल तर बहुतेक कर्जांवर ०.४० टक्के, शेती आणि लघुउद्योगाच्या कर्जावर ०.२५ टक्के, असा ठोक आकडा बाजूला ठेवायचा. आता कर्ज थकण्याआधीच, ते थकेल का आणि थकले तर किती बुडेल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढे पैसे आजच बाजूला काढायचे. ठोक आकडा किमान पायरी म्हणून राहील, पण तिच्या वर सगळा कारभार अंदाजाचा. ज्याच्याबद्दलचा अंदाज वाईट, त्याचे कर्ज बँकेला पहिल्या दिवसापासून महाग पडणार. ते महागपण व्याजदरात उतरेल, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल.

ही पद्धत यायला हवी होती, खरे तर उशिरा येते आहे. मुंबईत बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काढल्यावर माझे एवढेच मागणे आहे: बँकेने बांधलेला अंदाज वर्षअखेरीस किती खरा ठरला, हे तिने लोकांपुढे मांडावे. आणि त्या अंदाजापायी ज्याला कर्ज नाकारले, त्याला नेमके कारण लेखी द्यावे. हे का मागतो आहे, ते समजायला या अंदाजाच्या पोटात शिरावे लागेल.

मुळात कर्ज ‘थकले’ कधी म्हणायचे? आपल्याकडचे उत्तर ९० दिवस. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकले, की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. हा आकडा नेहमी एवढा नव्हता. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर एनपीएची व्याख्या चार तिमाह्यांवरून टप्प्याटप्प्याने दोन तिमाह्यांवर आली आणि ३१ मार्च २००४ पासून ९० दिवसांवर. ९० दिवस भरण्याआधीच्या पायऱ्याही मोजल्या जातात, त्यांना एसएमए (खास लक्ष ठेवायची खाती) म्हणतात: ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२. एका कर्जदाराचे एका बँकेतले एक खाते एनपीए झाले, की त्याच बँकेतली त्याची सगळी खाती एनपीए. आणि नोव्हेंबर २०२१ च्या खुलाशानंतर हेही पक्के झाले, की सगळी थकबाकी भरल्याशिवाय खाते पुन्हा चांगल्यात घेता येत नाही.

या व्याख्येत दिवस आहेत, रकमेचा उंबरठा मात्र नाही. युरोपात किरकोळ कर्ज थकले असे म्हणायला थकलेली रक्कम १०० युरोच्या वर आणि कर्जाच्या १ टक्क्याच्या वर असावी लागते, आणि तशी ती सलग ९० दिवस राहावी लागते. आपल्या नियमात अशी पायरी नसल्याने काय होते, ते माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या बाबतीत जवळून पाहिले. लालबागला राहणारे, शाळेत लिपिक, आयुष्यात कुणाचा रुपया न ठेवलेले. एका बँकेचे क्रेडिट कार्ड त्यांनी कधी वापरलेच नाही. वार्षिक शुल्क ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९० रुपये. बिल जुन्या पत्त्यावर जात राहिले. मुलाच्या नावाने जोडून गृहकर्ज मागायला गेले, तेव्हा त्यांचा पत अहवाल समोर आला. त्यात महिन्यागणिक चौकोन असतात. पैसे वेळेत आले तर ‘०००’, नाहीतर किती दिवस थकले तो आकडा. त्यांच्या आधीच्या कर्जाचे चौकोन ओळीने शून्याचे होते. कार्डाच्या ओळीत मात्र ०३०, ०६०, ०९० आणि पुढे वाढत गेलेले आकडे. टेबलापलीकडचा अधिकारी त्यांना म्हणाला, “काका, तुम्ही डिफॉल्टर दिसताय.” ५९० रुपये त्यांनी त्याच दिवशी भरले. चौकोन पुसले गेले नाहीत.

आता हा प्रसंग मॉडेलच्या, म्हणजे जुन्या नोंदींवरून हा अंदाज बांधणाऱ्या गणिताच्या, बाजूने पाहू. पतजोखमीच्या हिशोबात तीन मापे असतात. पहिले, कर्जदार ठरावीक मुदतीत थकण्याची शक्यता. बँकेत तिला सगळे पीडी म्हणतात. दुसरे, थकलाच तर दर शंभर रुपयांमागे किती रुपये कायमचे बुडतील, ते एलजीडी. तिसरे, थकतेवेळी त्याच्याकडे एकूण किती रक्कम अडकलेली असेल, ते ईएडी. तिन्हींचा गुणाकार म्हणजे अपेक्षित हानी.

समजा एका बँकेचे १,००० कार्डधारक आहेत. त्यातले २० जण वर्षभरात खरोखर बुडाले आणि त्यांच्याकडे अडकलेल्या पैशातला ८० टक्के भाग परत आला नाही. पीडी २ टक्के, एलजीडी ८० टक्के, गुणाकार १.६ टक्के. आता याच हजारात आणखी २० जण आमच्या लिपिक काकांसारखे आहेत: शुल्काचा घोळ, पत्ता बदललेला, फोन केल्यावर पैसे भरून मोकळे झालेले. ९० दिवसांच्या नियमाने तेही थकलेले. मग पीडी होते ४ टक्के. पण त्यांच्याकडून काहीच बुडाले नाही, म्हणून एलजीडीची सरासरी ४० टक्क्यांवर उतरते. गुणाकार पुन्हा १.६ टक्केच.

बँकेच्या तरतुदीत एका पैशाचा फरक पडला नाही. व्याख्या ढिली असली तरी एका मापातली चूक दुसऱ्या मापात भरून निघाली, आणि तरतूद तपासणाऱ्याला काहीच खटकणार नाही. कर्जदाराला मात्र एलजीडीतली ही भरपाई मिळत नाही. त्याच्या अर्जावर निर्णय होतो तो स्कोअरवर, आणि स्कोअर हे पहिल्या मापाचेच रूप आहे. पाच लाख घेऊन फोन बंद करणारा आणि ५९० रुपयांचे बिल न मिळालेला, दोघांच्या नावापुढे मॉडेलच्या माहितीसाठ्यात एकच खूण असते: थकला, १. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बँकेचे नुकसान बरोबर मोजणारे माप माणसाला बरोबर मोजतेच असे नाही.

उलट दिशेनेही व्याख्या फसवते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. भांडुपच्या मुख्यालयापासून मुंबईभरच्या शाखांसमोर लागलेल्या रांगा इथे कुणी विसरलेले नाही. एचडीआयएल या बांधकाम समूहाला दिलेले साडेसहा हजार कोटींहून जास्त कर्ज थकले होते, आणि ते लपवण्यासाठी २१,०४९ खोटी खाती उभी केली होती. बँकेच्या जाहीर आकड्यांत एनपीए किरकोळ दिसत होता. ज्या बँकेत थकलेले कर्ज थकलेले म्हणून नोंदलेच जात नाही, तिथे कितीही हुशार मॉडेल बसवा, ते थकबाकी शिकणारच नाही. नव्या पद्धतीच्या कक्षेत नागरी सहकारी बँका नाहीत, हे मुंबई-ठाण्यातल्या ठेवीदारांनी ध्यानात ठेवलेले बरे.

तिन्ही मापे वेगळी का ठेवायची, यासाठी एक उदाहरण सविस्तर मांडतो. गिरगावात पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई आहेत असे धरू. रोजचे डबे, दोन मदतनीस, महिन्याकाठी हातात बरे पैसे. त्यांना मोठी शेगडी, फ्रीझर आणि गाळ्याच्या डिपॉझिटसाठी ५ लाख हवेत. त्यांच्यासारख्या व्यावसायिकांत वर्षाला शंभरातले चार थकतात असे बँकेचा अनुभव सांगतो, म्हणून पीडी ४ टक्के. विनातारण कर्जात बुडण्याचे प्रमाण ६५ टक्के धरले, तर अपेक्षित हानी ५ लाखांवर १३,००० रुपये. त्याच ताईंनी पाटल्या आणि मंगळसूत्र ठेवून सोनेतारण कर्ज घेतले, तर दागिने लिलावात विकून जवळजवळ सगळे वसूल होते. एलजीडी ५ टक्के धरली तर हानी १,००० रुपये. बाई तीच, धंदा तोच, पीडी तीच. फरक सगळा तारणाचा.

आणि तारण का नाही? कारण त्या तीन पिढ्यांपासून पागडीच्या खोलीत राहतात. खोलीचा बाजारभाव कोटीच्या घरात असेल, पण पागडीच्या खोलीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत. मालकी त्यांची नाही, लिलावात विकता येत नाही. म्हणजे ताईंचे कर्ज महाग किंवा अशक्य होते ते त्यांच्या वागणुकीमुळे नव्हे, मुंबईच्या भाडेकायद्याच्या इतिहासामुळे. हे त्यांना कुणी सांगते का? “तुमच्या फेडण्याबद्दल शंका नाही, तारणाची अडचण आहे, जामीनदार आणा किंवा सरकारी हमी योजनेतून अर्ज करा,” असे सांगितले तर त्या काही करू शकतील. त्यांना मिळतो तो एका ओळीचा निरोप: बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही.

एलजीडीबद्दल आणखी एक. बुडित रक्कम मोजताना वेळेची किंमतही धरावी लागते. शंभर रुपये पाच वर्षांनी परत आले आणि व्याजाचा दर १० टक्के असेल, तर आजच्या हिशोबाने ते ६२ रुपयेच. २००२ च्या सरफेसी कायद्याने तारणाचा ताबा घेणे सोपे केले, २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने मोठ्या कंपन्यांचा मार्ग आखला, तरी संहितेखाली मान्य झालेल्या दाव्यांपैकी कर्जदात्यांच्या हाती सुमारे एक तृतीयांशच आले आहे. न्यायाधिकरणातली प्रत्येक तारीख एलजीडी वाढवते, आणि वाढलेली एलजीडी वेळेवर हप्ता भरणाऱ्याच्या व्याजात जाते. न्यायाला लागणाऱ्या वेळाचे बिल प्रामाणिक कर्जदार भरतो, हे आपल्या चर्चेत यायला हवे तेवढे येत नाही.

ईएडी सोपी वाटते, पण कार्ड आणि कॅश क्रेडिटमध्ये तीच फसवते. कार्डाची मर्यादा २ लाख, आज वापरलेले ४० हजार. माणूस अडचणीत आला की आधी कार्ड ओढतो, मग थकतो. उरलेल्या १ लाख ६० हजारांतले तीन चतुर्थांश त्याने थकण्याआधी वापरले, तर अडकलेली रक्कम ४० हजार नव्हे, १ लाख ६० हजार. आजच्या शिलकीवर हिशोब करणारी बँक हानी चौपटीने कमी दाखवते.

आता पहिल्या मापाकडे परत. पीडी ४ टक्के, म्हणजे ताई ४ टक्के थकणार असे होत नाही. त्यांच्यासारख्या शंभर जणांत चौघे, एवढाच त्याचा अर्थ. ते चौघे कोण हे मॉडेलला ठाऊक नसते. तरीही टेबलावर तो आकडा माणसाच्या स्वभावाचा दाखला असल्यासारखा वाचला जातो. शिवाय तो कुठल्या काळाचा? नव्या पद्धतीत चांगल्या कर्जावर पुढच्या बारा महिन्यांची हानी धरायची. जोखीम ठळकपणे वाढली की दुसऱ्या टप्प्यात टाकून कर्जाच्या उरलेल्या सगळ्या मुदतीची. वीस वर्षांच्या गृहकर्जाला पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात ढकलले, की तरतूद एकदम कितीतरी पटींनी वाढते. तो टप्पा ओलांडला की नाही, हे ठरवण्यात बँकेच्या मताला बराच वाव आहे.

आणि मॉडेल शिकते ते मागच्या वर्षांवरून. मार्च २०१८ मध्ये बँकांचा ढोबळ एनपीए ११ टक्क्यांच्या पुढे होता, मार्च २०२५ मध्ये तो २.३ टक्क्यांवर आला. या उतरणीच्या वर्षांवर बांधलेले मॉडेल साहजिकच आशावादी असणार. मधे कोविड. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा होती, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या ३ सप्टेंबर २०२० च्या अंतरिम आदेशाने खाती एनपीए ठरवणेच थांबले, ते २३ मार्च २०२१ पर्यंत. म्हणजे मुंबईच्या लोकल बंद होत्या, हॉटेले बंद होती, टॅक्स्या उभ्या होत्या, त्या वर्षाच्या नोंदीत थकबाकी दिसत नाही. ती नोंद जशीच्या तशी मॉडेलला शिकवली, तर ते मॉडेल असे मानेल की शहर बंद पडले तरी लोक थकत नाहीत.

या शहराला याहून जुना धडा आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार एकाच वेळी बिनपगारी झाले. आदल्या दिवशी परळ-लालबागमधल्या एखाद्या पतपेढीने पीडी काढली असती, तर ती फार चांगली आली असती: कायम नोकरी, पगारातून कापून जाणारा हप्ता, एकमेकांना जामीन. महिन्याभराने कर्जदारही थकला असता आणि जामीनदारही, कारण दोघे एकाच खात्यात काम करत होते. सुट्या माणसाची जोखीम कितीही बारकाईने मोजली तरी सगळे एकदम थकण्याची जोखीम त्यातून कळत नाही. बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय बाझल नियमांत त्यासाठी परस्परसंबंधाचा वेगळा आकडा धरतात, गृहकर्जाला ०.१५, क्रेडिट कार्डासारख्या फिरत्या कर्जाला ०.०४, आणि त्यावरून भांडवल ठरते. तरतूद सरासरी वर्षासाठी असते, भांडवल वाईट वर्षासाठी. आज एकाच ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्या हजारो मुलांना कर्ज देताना हा परस्परसंबंध किती धरला जातो, हा प्रश्न मला गिरणगावातून जाताना हमखास आठवतो.

म्हणूनच ताळा हवा. अंदाज चुकतात, ते चुकणारच; कुठे आणि किती चुकले हे दिसले पाहिजे. ही मागणी नवी किंवा अव्यवहार्य नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेली, पायाभूत प्रकल्पांना पैसे पुरवणारी आयएल अँड एफएस २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत सर्वोच्च ‘एएए’ मानांकनाची होती, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत हप्ते चुकवू लागली. तिच्या समूहावर ९० हजार कोटींहून अधिक देणे होते. त्यानंतर सेबीने जून २०१९ मध्ये मानांकन संस्थांना प्रत्येक श्रेणीसाठी थकण्याच्या शक्यतेचे मापदंड घालून दिले. ‘एएए’साठी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचा मापदंड शून्य. कोणत्या श्रेणीतले किती थकले याचे आकडे संस्थांना जाहीर करावे लागतात. कुणीही ते उघडून संस्थेने दिलेली श्रेणी आणि प्रत्यक्ष ताडून पाहू शकतो.

परदेशी बँकाही हे करतात. बाझल चौकटीत स्वतःच्या मॉडेलवर भांडवल काढणाऱ्या बँकांना सीआर-९ नावाचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करावा लागतो: प्रत्येक कर्जगटासाठी वर्षाच्या सुरुवातीला धरलेली पीडी एका रकान्यात, वर्षभरात खरोखर थकलेल्यांचे प्रमाण दुसऱ्यात. आपल्या बँका भांडवलासाठी अजून ठोक पद्धतच वापरतात, त्यामुळे त्यांना हा तक्ता लागू नाही. पण २०२७ पासून तरतूद मॉडेलवर चालणार असेल, तर तक्ता न मागण्याचे कारणच उरत नाही. ऑगस्ट २०२४ च्या मसुद्यात रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मॉडेलची स्वतंत्र तपासणी मांडली होती, ते योग्यच. तरी ती तपासणी बँकेच्या चार भिंतींत राहते. ठेवीदार, कर्जदार, अभ्यासक यांना त्यातले काही दिसत नाही.

दुसरी मागणी कारणाची. खरे तर नियम आहे. अर्ज फेटाळला तर मुख्य कारण लेखी कळवावे, रक्कम कितीही असो, क्रेडिट कार्डाचा अर्ज असला तरीही, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना केव्हाच सांगून ठेवले आहे. ‘स्कोअर कमी’ हे कारण म्हणून चालवून घेतले जाते तिथे घोडे पेंड खाते. स्कोअर कशामुळे कमी, हे कारण. अमेरिकेत समान पतसंधी कायद्याखाली नेमकी कारणे द्यावी लागतात, मग मॉडेल कितीही गुंतागुंतीचे असो. आपल्याकडेही आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात वित्तक्षेत्रातली कृत्रिम बुद्धिमत्ता मुळापासूनच समजण्याजोगी असावी, हे एक सूत्र म्हणून मांडले आहे.

काहींना वाटते की स्कोअरच नको. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका असे बँकांना बजावले. शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि तो राग मला समजतो. पण माप काढून घेतले की अंदाज बांधणे थांबत नाही; ते साहेबाच्या मनात चालू राहते. कोणत्या गावचा, कोणत्या वस्तीतला, कुणाच्या ओळखीचा, यावर कर्ज ठरायचे ते दिवस मी पाहिले आहेत. धारावीचा पत्ता दिसला की अर्ज बाजूला ठेवणारे शाखाधिकारी होते. निदान मॉडेलला प्रश्न विचारता येतो, त्याचा हिशोब मागता येतो. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून नाकारू नये, ही जानेवारी २०२५ ची रिझर्व्ह बँकेची सूचना, आणि किमान स्कोअरची कोणतीही अट नाही, हे ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत दिलेले उत्तर, मला अधिक उपयोगी वाटते. मापाचा वापर कसा करायचा ते त्यातून सांगितले जाते.

बँकेतले माझे सहकारी दोन हरकती घेतील. पहिली, कारणे सांगितली तर लोक मॉडेलला चकवतील. कार्डाची मर्यादा पूर्ण वापरू नका, हप्ता चुकवू नका, चार ठिकाणी एकदम अर्ज करू नका, हे कळल्यावर लोक तसे वागले तर त्याला चकवणे का म्हणावे? त्याने थकबाकी कमीच होईल. दुसरी, मॉडेल हे व्यवसायाचे गुपित. मी मॉडेलचे सूत्र मागत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष, हे दोन रकाने मागतो आहे. त्यातून स्पर्धक बँकेला एवढेच कळेल की तुमचा अंदाज किती चुकतो, आणि ते गुपित राहू नये.

तक्ता कसा असावा तेही सांगतो. गृहकर्ज, वाहनकर्ज, सोनेतारण, विनातारण वैयक्तिक, कार्ड, लघुउद्योग, अशा गटांनी. प्रत्येकात वर्षारंभीची पीडी, प्रत्यक्ष थकलेले, धरलेली एलजीडी आणि बंद झालेल्या खात्यांत खरोखर बुडालेली रक्कम. सोबत आणखी दोन आकडे: थकलेल्यांपैकी किती जणांची थकबाकी ठरावीक छोट्या रकमेच्या, समजा १,००० रुपयांच्या, आत होती, आणि त्यांपैकी किती जणांनी तीन महिन्यांत सगळे भरून टाकले. या शेवटच्या दोन आकड्यांनी लालबागच्या काकांसारखे किती लोक या गणतीत सापडले आहेत ते उघड होईल, आणि रकमेचा उंबरठा ठेवायचा की नाही हा वाद आकड्यांवर होईल.

हे सगळे २०२७ नंतर बघू, असे म्हणून चालणार नाही. वर्षारंभीचा अंदाज वर्षारंभीच गोठवून ठेवावा लागतो. नंतर मॉडेल बदलले की जुना आकडा शोधूनही सापडत नाही, किंवा सापडतो तो दुरुस्त केलेला. नव्या पद्धतीचे पहिले बारा महिने मार्च २०२८ अखेर संपतील. त्या वर्षाचा ताळा घ्यायचा असेल, तर तक्त्याचा नमुना आणि अंदाज जतन करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२७ च्या आधी काढायला हवा.